सैनिकाचा श्वास कोणाचा?



ज्या माणसाने आपले संपूर्ण आयुष्य दुसऱ्यांसाठी देऊ केले आहे, त्याच्या एखाद्या लहानशा सुखावर बंधन घालण्याचा अधिकार इतरांना उरतो का? गेली काही वर्षे अमेरिकेच्या सैन्यदलांत हा प्रश्न एका अगदी छोट्या वस्तूच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा विचारला जात आहे. ती वस्तू म्हणजे ई-सिगारेट. तरुण मंडळी तिला 'व्हेप' म्हणतात आणि ती ओढण्याला 'व्हेपिंग'.

अमेरिकन सैनिकांच्या सवयींशी आपल्या धर्मग्रामाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. सैन्य म्हणजे नियमांनी बांधलेले मोठे कुटुंबच. तिथे वडीलधारे आहेत, नुकतीच अठरा वर्षे पुरी केलेली मुले आहेत, शिस्त आहे, ताण आहे आणि लपवाछपवीही आहे. घरात जे अंधूकपणे दिसते ते तिथे ठळकपणे दिसते. नियम कशासाठी असतो, तो कोणी करावा आणि पाळणाऱ्याने तो कोणत्या मनाने पाळावा, हे तिन्ही प्रश्न आपल्या घरातलेही आहेत. म्हणून या विषयाकडे आपण थोडे सविस्तर पाहू या.

ही वस्तू आहे तरी काय?

आज प्रचलित असलेली ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही. एक लहान बॅटरी, तापणारी तार आणि द्रव भरलेली छोटी कुपी एवढेच तिचे भाग. या द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फळांचे किंवा मिठाईचे स्वाद आणि बहुधा निकोटीन असते. तार तापली की द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात आणि ओढणारा ते छातीत घेतो. राख नाही, थोटूक नाही, कपड्यांना वास जवळजवळ नाही. काही उपकरणे तर पेन ड्राइव्हएवढी असतात आणि मुठीत सहज लपतात.

'ही नुसती वाफ आहे' असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. त्या तुषारांबरोबर निकोटीन फुप्फुसांत जाते, शिवाय काही धातूंचे आणि इतर रसायनांचे अंशही जातात. निकोटीन जिथे आहे तिथे व्यसनाची साखळी आहेच.

अमेरिकन सैन्यात या वस्तूचा प्रसार झपाट्याने झाला. तेथील संरक्षण खात्यासाठी होणाऱ्या आरोग्य-पाहणीत २०१५ मध्ये सुमारे बारा टक्के सैनिक ती वापरत होते. २०१८ मध्ये हे प्रमाण सुमारे सोळा टक्के, म्हणजे दर सहा सैनिकांत एक, असे झाले. वापर अधिक होता तो तरुण, खालच्या हुद्द्यावरच्या मुलांत.

खिशातली आग

सर्वांत सरळ प्रकरण नौदलाचे आहे. अमेरिकन नौदलाच्या सुरक्षा केंद्राने ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या काळात ई-सिगारेटमुळे झालेले पंधरा अपघात नोंदवले. बॅटरी अचानक अतिशय तापून पेट घेई. त्यांतले निम्म्याहून अधिक अपघात ती वस्तू नुसती खिशात असताना झाले आणि खलाशी भाजले. त्यानंतर १४ मे २०१७ पासून नौदलाने आपली जहाजे, पाणबुड्या आणि विमाने यांवर ई-सिगारेट वापरण्यास, बाळगण्यास आणि चार्ज करण्यासही बंदी घातली.

या नियमाविषयी कोणी फारसा वाद घालू शकत नाही. मोठ्या विमानवाहू नौकेवर पाच हजारांच्या आसपास माणसे राहतात. तिथे इंधन आहे, दारूगोळा आहे आणि आग लागली तर पळायला अंगण नाही. अशा ठिकाणी 'माझा खिसा, माझी मर्जी' असे म्हणता येत नाही. त्याआधी २०१० च्या अखेरीस पाणबुड्यांमध्ये पाण्याखाली सिगारेट ओढणे बंद करण्यात आले होते. कारण बंद पाणबुडीत जे खलाशी कधीच सिगारेट ओढत नव्हते, त्यांच्याही शरीरात इतरांच्या धुराचे अंश सापडले होते. ज्यांनी एकच हवा वाटून घेतली आहे, त्यांच्यापैकी एकाचा श्वास केवळ त्याचा राहत नाही.

दुसऱ्याला इजा होत असेल तिथे स्वातंत्र्याला कुंपण घालावे, हे तत्त्व श्रद्धा नसलेला माणूसही मान्य करतो. संत थॉमस अक्विनास कायद्याची व्याख्या करताना सांगतात की, कायदा ही विवेकबुद्धीने केलेली, सर्वांच्या हितासाठी असलेली आणि ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने जाहीर केलेली व्यवस्था होय. नौदलाचा नियम या कसोटीला सहज उतरतो. खरी अडचण पुढे आहे. जेव्हा इजा फक्त ओढणाऱ्यालाच होते, तेव्हा काय?

'मरता येते, मग ओढता का येऊ नये?'

२०१६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तंबाखू आणि ई-सिगारेट विकत घेण्याचे वय अठरावरून एकवीस केले. परंतु त्या कायद्यात एक सूट ठेवली गेली. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्यांना अठराव्या वर्षीही ती विकत घेता येई. युक्तिवाद असा होता की, ज्या मुलाला अठराव्या वर्षी देशासाठी मरण पत्करण्याची मुभा आहे, त्याला एक सिगारेट घेण्याची मुभा नसावी हे हास्यास्पद नव्हे काय? पुढे डिसेंबर २०१९ मध्ये संपूर्ण अमेरिकेसाठी एकवीस वर्षांचा कायदा झाला, तेव्हा सैनिकांना अशी सूट दिली गेली नाही. पुष्कळ तरुण सैनिकांना तो आपला अपमान वाटला.

या युक्तिवादाला एकदम झिडकारू नये. त्याच्यामागे खरी भावना आहे. घर सोडून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. पहाऱ्याच्या लांबच लांब रात्री. कदाचित उद्या तो नसेलही. त्याच्या हातातून एक लहानसे सुख काढून घेताना कोणाचेही मन कचरेल.

तरीही हा युक्तिवाद नीट तपासला तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतात. स्वतःला अर्पण करणे आणि स्वतःची नासाडी करणे, या दोन्हींत माणूस काहीतरी गमावतो, म्हणून त्या सारख्याच भासतात. परंतु अर्पणात कोणीतरी दुसरा वाचतो. नासाडीत कोणीच वाचत नाही, फक्त कंपनीच्या तिजोरीत भर पडते. आपल्या मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, असे प्रभू येशूने शिष्यांना शिकवले (योहान १५:१३). त्या प्रीतीची थोरवी 'मित्रांसाठी' या शब्दात आहे. मी मोठा त्याग करायला तयार आहे, म्हणून लहानसहान गोष्टींत मी स्वतःला उधळले तरी चालेल, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट ज्याने आपला देह इतरांच्या रक्षणासाठी देऊ केला आहे, त्याचा देह अधिक जपायला हवा.

आणखी एक बाजू पाहा. कॅलिफोर्नियाच्या त्या सवलतीचा सरळ अर्थ काय होतो? एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या फुप्फुसांची राज्याला काळजी आहे. त्याच वयाच्या सैनिकाच्या फुप्फुसांची नाही. सन्मानाच्या नावाखाली दिलेली ही हेळसांड आहे. आपल्याकडेही असे घडते. रात्रपाळी करून, दूर जहाजावर राहून जो घर चालवतो, त्याच्याविषयी आपण म्हणतो, 'एवढे कष्ट करतो बिचारा, थोडी घेतली तर काय झाले!' त्या वाक्यात प्रेम असते हे खरे. पण त्याचा यकृताचा आजार बळावतो तेव्हा ते वाक्य त्याच्या उशाशी बसत नाही. बसते ती त्याची बायको.

मात्र याचा अर्थ सैनिकाचा देह सरकारच्या मालकीचा झाला, असाही नव्हे. कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला द्यावे, असे प्रभूने सांगितले (मार्क १२:१७). नाण्यावर कैसराची प्रतिमा होती, म्हणून ते कैसराचे. माणसावर प्रतिमा देवाची आहे. संत पौल करिंथकरांना आठवण करून देतो की, आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि आपण स्वतःचे मालक नाही (१ करिंथ ६:१९). येथे लक्षात घेण्याजोगे असे की, आपण आपले नाही, म्हणून आपण अधिकाऱ्याचे आहोत असे पौल म्हणत नाही. तो आपल्याला देवाच्या हवाली करतो. म्हणून सैन्याच्या अधिकाऱ्यालाही सैनिकाच्या देहावर मनमानी करता येणार नाही. त्याने घातलेले बंधन सर्वांच्या किंवा त्या सैनिकाच्या खऱ्या हिताचे असेल तरच ते न्याय्य ठरेल.

ज्याने दिले, त्यानेच काढून घेतले

आता नियम करणाऱ्यांकडे वळू या. हा इतिहास वाचताना मन अस्वस्थ होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाला मिळणाऱ्या शिध्याच्या डब्यात बिस्किटे, डबाबंद मांस आणि कॉफी यांच्यासोबत सिगारेटही असत. लाखो मुलांनी पहिली सिगारेट ओढली ती सरकारने हातात ठेवलेली. शिध्यातून सिगारेट वगळल्या गेल्या त्या १९७५ मध्ये. त्यानंतरही लष्करी छावण्यांच्या दुकानांत तंबाखू बाहेरच्यापेक्षा स्वस्त मिळत राहिली. २०१६ मध्ये संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांच्या आदेशाने ती किंमत बाहेरच्या बाजाराच्या बरोबरीला आणण्यात आली. २०१९ च्या शरद ऋतूत, ई-सिगारेटमुळे फुप्फुसांच्या गंभीर आजाराची साथ अमेरिकेत पसरली असताना, लष्कर, वायुदल आणि नौदल यांच्या दुकानांनी ई-सिगारेटची विक्री थांबवली. त्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण इस्पितळांत दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली. त्यांपैकी मृत्यू ६८ होते. तपासात मुख्य दोष आढळला तो गांजाच्या अर्काच्या कुप्यांत मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाचा.

मधल्या काळातील एक प्रसंग विशेष विचार करण्यासारखा आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय तज्ज्ञांच्या एका समितीने सैन्य टप्प्याटप्प्याने तंबाखूमुक्त करावे, अशी शिफारस केली. त्या वेळी इराक आणि अफगाणिस्तान येथे दोन युद्धे चालू होती. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांच्या वतीने सांगण्यात आले की, युद्धभूमीवर सिगारेट बंद केली जाणार नाही. सैनिकांवर आधीच ताण आहे, त्यात आणखी भर नको.

ही दया होती का? एका अर्थाने होय. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडून सिगारेट हिसकावणारा कठोरच. परंतु निकोटीनचे काम कसे चालते ते पाहावे. नियमित घेणाऱ्याच्या शरीरातले निकोटीन उतरू लागले की, बेचैनी येते. झुरका घेतला की ती शमते आणि त्याला वाटते, ताण गेला. गेलेला ताण बहुतांशी त्या सवयीनेच निर्माण केलेला असतो. जो सावकार दर संध्याकाळी थोडे पैसे देऊन सकाळी व्याज मागतो, त्याला आपण उपकारकर्ता म्हणत नाही.

तरीही नुसती बंदी घालून मोकळे होणे हीही दया नव्हे. शास्त्री-परूशी लोकांच्या खांद्यांवर जड ओझी ठेवतात आणि ती हलवायला स्वतः बोटही लावत नाहीत, ही प्रभूची तक्रार आपल्याला ठाऊक आहे (मत्तय २३:४). ज्या संस्थेने तीस-चाळीस वर्षे मुलांच्या हाती सिगारेट दिली, तिने एके दिवशी ती हिसकावून शिक्षेचा बडगा उगारला, तर तिचा नियम योग्य असूनही तिचे हात स्वच्छ राहत नाहीत. तिने सोडण्यासाठी औषध द्यावे, समुपदेशक द्यावा, झोप द्यावी, बोलायला माणूस द्यावा. अमेरिकन संरक्षण खाते आता सैनिकांना व्यसन सोडण्यासाठी औषधोपचार आणि मार्गदर्शन पुरवते, ही समाधानाची बाब आहे. सिगारेटच्या निमित्ताने सैनिकाला दहा मिनिटांची सुट्टी आणि चार मित्र मिळत. सिगारेट बंद करणाऱ्याने ती दहा मिनिटे आणि ते मित्र शिल्लक ठेवायला हवेत.

आपली ख्रिस्तसभाही या हिशेबातून सुटलेली नाही. व्हॅटिकनमध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सवलतीच्या दरात सिगारेट विकल्या जात आणि त्यातून चांगले उत्पन्न येई. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही विक्री २०१८ पासून बंद करण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या आरोग्याला उघड घातक असलेल्या गोष्टीला पवित्र पीठ हातभार लावू शकत नाही, असे कारण देण्यात आले. कितीही नफा झाला तरी माणसाचा जीव त्यात गुंतला असेल तर तो नफा न्याय्य नव्हे, हा विचार त्यामागे होता. पोपमहाशयांनी लोकांना उपदेश करण्याआधी स्वतःचे दुकान बंद केले. नियमाला बळ येते ते अशा क्रमाने.

कमी वाईट म्हणजे चांगले का?

आता सैनिकांच्या दुसऱ्या एका म्हणण्याकडे येऊ. 'मी आधी सिगारेट ओढत होतो. आता व्हेप घेतो. हे निदान कमी घातक आहे. मग मला का अडवता?'

या म्हणण्यात तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणा असेच मानते. तंबाखू जळताना निर्माण होणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नसते. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचा संच देण्याची योजना जाहीर केली. मात्र त्याच देशाने मुलांमधील वापर वाढल्यामुळे, एकदा वापरून टाकून द्यायच्या व्हेपच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी घातली. एकच वस्तू, एकच सरकार आणि दोन वेगळे निर्णय. हा गोंधळ आहे का?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे उपयोगी पडते. कोणत्याही कृत्याची नैतिक पारख करताना आपण तीन गोष्टी पाहतो: कृत्य काय आहे, हेतू काय आहे आणि परिस्थिती कोणती आहे. वीस वर्षे सिगारेट ओढणारा सुभेदार ती सोडण्याच्या खऱ्या निश्चयाने व्हेप हातात घेतो, तेव्हा तो जिना उतरत आहे. ज्याने कधीच तंबाखूला स्पर्श केला नाही असा एकोणीस वर्षांचा शिपाई बराकीतल्या मित्रांसोबत आंब्याच्या स्वादाचा पहिला झुरका घेतो, तेव्हा तो जिना चढत आहे. दोघेही एकाच पायरीवर उभे दिसतील. पण त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. म्हणून त्या पायरीविषयी भांडण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःला विचारावे, 'माझे तोंड कोणत्या दिशेला आहे?' आणि वर्षभरानंतरही मी त्याच पायरीवर असेन, तर मी उतरत नसून तिथे बिऱ्हाड केले आहे, हे ओळखावे.

कमी वाईट ते कधी कधी सोसावे लागते. संत थॉमसही म्हणतात की, मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. कारण कायदा सामान्य माणसांसाठी असतो आणि सारीच माणसे सद्गुणांत पूर्णत्वाला पोहोचलेली नसतात. परंतु सोसणे वेगळे आणि गौरवणे वेगळे. कायद्याने सोडून दिले म्हणून विवेकाने सोडून द्यावे, असे नाही.

ज्याचा वास येत नाही

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी आलो.

सिगारेट स्वतःच चहाडी करते. धूर दिसतो, वास येतो, रात्री निखारा चमकतो. पूर्वीच्या अधिकाऱ्याला कोण ओढतो ते शोधावे लागत नसे. ई-सिगारेटने हे सारे बदलले. पांघरुणाखाली, स्वच्छतागृहात, वाहनात, अगदी रांगेत उभे असतानाही एक झुरका बाहीत सोडता येतो आणि पाठीमागच्यालाही कळत नाही. त्यामुळे पहाऱ्यावर टिकणारा नियम आता सैनिकाच्या मनावर अवलंबून राहिला. अधिकाऱ्याचे नाक जिथे पोहोचत नाही, तिथे फक्त सदसद्विवेकबुद्धी पोहोचते.

तिथे काय होते? अमेरिकन सैन्यात भरती झाल्यावर सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात तंबाखू आणि ई-सिगारेट पूर्णपणे बंद असते. सगळेजण सोडतात, कारण इलाज नसतो. परंतु प्रशिक्षण संपल्यावर त्यांतले पुष्कळजण पुन्हा सुरू करतात आणि पूर्वी कधीही न घेतलेले काहीजण तेव्हा नव्याने शिकतात. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर, त्या महिन्यांत जे घडले तो संयम नव्हता. ती फक्त अनुपस्थिती होती. ॲरिस्टॉटलने सांगितले आहे की, सद्गुण सवयीने अंगी बाणतो. पण ती सवय आपण स्वतः, समजून-उमजून आणि निवडून केलेल्या कृतीची असावी लागते. बंद दाराआड कोणीही चोरी करत नाही, म्हणून तुरुंगाला कोणी साधूंचा मठ म्हणत नाही.

आणि लपवण्याची सवय एका वस्तूपुरती थांबत नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकन लष्कराच्या आरोग्य विभागाला सैनिकांसाठी एक इशारा द्यावा लागला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील तळांवरचे साठेक सैनिक व्हेपमध्ये भरलेल्या तेलामुळे आजारी पडले होते. त्या तेलात कृत्रिम मादक द्रव्ये होती. कुपीत काय आहे हे बाहेरून दिसत नाही. ज्या मुलाने 'कोणाला कळत नाही' हा धडा एकदा गिरवला, त्याला कुपीतला द्रव बदलायला किती वेळ लागणार?

शुभवर्तमानातील एका सैनिकाची येथे आठवण होते. कफर्णहूमचा तो शताधिपती प्रभूला म्हणाला की, मीही अधिकाराखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखालीही शिपाई आहेत. एकाला जा म्हटले की, तो जातो, दुसऱ्याला ये म्हटले की, तो येतो (मत्तय ८:५-१३). आपण सहसा त्याच्या विश्वासाकडे पाहतो आणि तो खरोखर थोर आहेच. परंतु त्याला आज्ञेविषयी काय उमगले होते, तेही पाहावे. आपला शब्द आपण समोर नसतानाही पाळला जातो, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच येशूने घरी न येता, दुरूनच शब्द बोलावा आणि आपला चाकर बरा होईल, असे तो म्हणू शकला. दुरून दिलेल्या शब्दावर त्याचा विश्वास होता, कारण दुरून दिलेला शब्द पाळणारी माणसे त्याने पाहिली होती. आज्ञाधारकपणाची पारख अधिकारी पाठमोरा असताना होते. आणि हा शताधिपती आला होता कशासाठी? स्वतःच्या आजारी चाकराच्या जिवासाठी. हाताखालच्या माणसाच्या देहाची अशी कळकळ असलेल्या अधिकाऱ्याने नियम केला, तर तो पाळणे सोपे जाते.

आपल्या घरी

आपल्या देशात या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नुसता साठा करण्यासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. तरीही ही उपकरणे चोरून मिळतात, परदेशातून येणाऱ्या सामानातून येतात, हे उघड गुपित आहे. ती दप्तरात मावतात आणि त्यांचा वास आईला येत नाही. जे प्रश्न लष्करी तळावर उभे राहिले, तेच आता आपल्या माळ्यावरच्या खोलीत उभे आहेत.

पालकांनी काय करावे? दप्तरे तपासावीत का? प्रसंगी तपासावीही लागतील. अधिकार असलेल्याने अधिकार वापरायला घाबरू नये. परंतु जे लपते ते तपासून संपत नाही. त्यासाठी मुलाच्या आतच कोणीतरी जागे राहावे लागते आणि ते जागेपण भीतीने येत नाही. ते आईवडिलांचे पाहून, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून आणि प्रार्थनेने येते. वडिलांच्या खिशात तंबाखूची पुडी, आजीच्या हातात मशेरीची डबी आणि मुलाला मात्र व्हेपवरून व्याख्यान, हे शिध्यातल्या सिगारेटसारखेच झाले. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने शिक्षा करण्यासारखे. पोपमहाशयांनी आधी आपले दुकान बंद केले, हे आपण विसरू नये.

तरुणांनाही आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो. तुम्हाला कोणी दुबळे समजते म्हणून हे नियम नाहीत. तुमच्या आयुष्याला मोल आहे आणि ते एक दिवस तुम्ही कोणाला तरी द्याल: पतीला, पत्नीला, मुलांना, रुग्णांना, देशाला, कदाचित वेदीला. जे द्यायचे आहे ते आधी आपल्या ताब्यात असावे लागते. संत पौलाला सर्व गोष्टींची मोकळीक होती. पण तो कशाच्याही अंकित व्हायला तयार नव्हता (१ करिंथ ६:१२). तुम्हीही एखाद्या दिवशी एकटे असताना ती वस्तू हातातून खाली ठेवून पाहा. हात शांत राहिला तर उत्तम. थरथरला, तर त्यात लाज मानू नका, पण आता मालक कोण आहे, हे ओळखा आणि कोणाची तरी मदत मागा. डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, आईवडील आहेत. आणि चर्चचे दार उघडे आहे. तिथे ऐकून घेणारा कोणीतरी बसलेला असतो.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेनंतर पाच मिनिटे बसून पुढील प्रश्नांवर बोलावे, अशी विनंती आहे.

१. आपल्या घरातला कोणता नियम केवळ पहाऱ्यामुळे पाळला जातो? पहारा उठला तर तो टिकेल का?

२. आपण दुसऱ्यावर घातलेल्या एखाद्या बंधनाचे ओझे उचलायला आपण स्वतः बोट लावले आहे का?

३. 'एवढे कष्ट करतो, थोडे चालायचेच' असे आपण कोणाविषयी म्हणतो? त्या माणसाला खरोखर कशाची गरज आहे?

आपल्या देशाच्या सीमेवर, समुद्रावर आणि परदेशांत सेवा करणाऱ्या सर्व जवानांसाठी आणि जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील मुलांसाठी या रविवारी विशेष प्रार्थना करू या. देवाने मातीच्या मानवात फुंकलेला श्वास त्यांच्यात आणि आपल्यात निर्मळ राहो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू